उंदराला लागू, माणसाला नाही: प्रतिकारपेशींना चेतवणारी कृत्रिम संयुगं

प्रयोगवही

दर दोन-तीन महिन्यांनी एक बातमी हमखास येते. 'शास्त्रज्ञांनी बनवलं नवं संयुग, शरीरातल्याच पेशी करणार कर्करोगाचा खात्मा!' शेवटच्या परिच्छेदात कुठेतरी 'उंदरांवरील प्रयोगांत' असे दोन शब्द असतात. हा धागा त्या दोन शब्दांवर काढतेय.

आधी हद्द ठरवू. पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही नावं बऱ्याच जणांनी ऐकली असतील. ती प्रतिपिंडं आहेत, म्हणजे जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली मोठी प्रथिनं. ती टी पेशीला (रक्तातली एक पांढरी प्रतिकारपेशी) चेतवत नाहीत, तिच्यावरचा अडसर काढतात. ज्या कल्पनेवर ती उभी आहेत तिला २०१८ चं नोबेल मिळालं (अ‍ॅलिसन आणि होन्जो). त्यावर भरपूर लिहून झालंय. इथे बोलायचंय ते रसायनशास्त्रज्ञांनी चंबूत घडवलेल्या लहान रेणूंबद्दल, जे प्रतिकारपेशींना थेट कामाला लावतात.

माझं लाडकं उदाहरण समुद्रातलं आहे. जपानच्या किरिन कंपनीतल्या (हो, बिअरवालीच) संशोधकांनी ओकिनावाजवळच्या एका स्पंजातून काही ग्लायकोलिपिडं वेगळी काढली. एका टोकाला साखर आणि तिला चरबीच्या दोन लांब शेपट्या, अशी रचना. उंदरांतल्या गाठींवर ती चांगली चालली, पण स्पंजातून मिळणार किती? म्हणून रचना सोपी करत करत त्यांनी एक पूर्ण कृत्रिम रेणू तयार केला: केआरएन७०००, अर्थात अल्फा-गॅलॅक्टोसिलसेरामाइड. सगळे त्याला अल्फा-गॅलसेर म्हणतात. गंमत म्हणजे रेणू हातात होता, तेव्हा तो नेमका कुणाला चेतवतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते १९९७ मध्ये कळलं.

डेंड्रिटिक पेशींच्या (परकं काही सापडलं की ते टी पेशींना दाखवणाऱ्या प्रतिकारपेशींच्या) पृष्ठभागावर सीडी१डी नावाचं प्रथिन असतं. त्याला दोन खोबणी असतात. अल्फा-गॅलसेरच्या दोन शेपट्या त्यांत जाऊन बसतात आणि साखर तेवढी वर डोकावते. ती साखर ओळखणाऱ्या पेशी म्हणजे आयएनकेटी. या टी पेशीच, फक्त नेहमीच्या टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात आणि या लिपिडं, म्हणजे चरबीसारखे रेणू, ओळखतात. एकदा ओळख पटली की दिवस लावत नाहीत, काही तासांत इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-४ ही निरोप देणारी प्रथिनं सोडायला लागतात. मग एनके पेशी (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशी), मारेकरी टी पेशी, डेंड्रिटिक पेशी, सगळा लवाजमा हलतो.

इथवर सुंदर. आता माणसाकडे येऊ.

उंदराच्या यकृतातल्या लिम्फोसाइट्सपैकी (टी, बी, एनके पेशींचा गट) ३० टक्क्यांपर्यंत पेशी आयएनकेटी असू शकतात. माणसाच्या रक्तात त्यांचं प्रमाण साधारण ०.०१ ते ०.१ टक्का, आणि कर्करोगाच्या रुग्णांत बहुतेकदा त्याहूनही घटलेलं. २००२ साली पहिल्या मानवी चाचणीचे निष्कर्ष आले. औषध सहन झालं. ज्यांच्याकडे या पेशी बऱ्यापैकी होत्या, त्यांच्यात हालचालही दिसली. गाठी मात्र आकसल्या नाहीत. फौजच नाही तर शिंग फुंकून काय होणार?

पुढे आणखी दोन अडचणी. एक, शिरेतून एकदा जोरदार डोस दिला की उंदरातसुद्धा आयएनकेटी पेशी त्यानंतर कित्येक आठवडे ढिम्म राहतात, दुसऱ्या डोसाला दाद देत नाहीत. दोन, इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-४ हे कर्करोगाच्या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. पहिलं हवं असतं, दुसरं नको असतं, आणि मूळ रेणू दोन्ही देतो.

रसायनशास्त्रज्ञ मग इरेला पेटले. साखर आणि शेपट्या यांना जोडणारा ऑक्सिजन काढून त्या जागी कार्बन घातला. २००३ मध्ये दिसलं की हा बदललेला रेणू उंदरात मेलानोमाचा (त्वचेच्या एका कर्करोगाचा) प्रसार रोखायला मूळ रेणूच्या शंभरपट प्रभावी आहे. शंभरपट! आणि मानवी पेशींवर? अगदीच फिका.

माझं म्हणणं असं की पेशी चेतवणं हा यातला सोपा भाग आहे, त्याची हातोटी रसायनशास्त्राला कधीच साधली आहे. घोडं अडतं ते कुणाच्या शरीरातली पेशी, या प्रश्नावर. असहमत असाल तर जरूर लिहा.

---

टिंबटिंब

वाचनखूण साठवली.

एक बाळबोध शंका. स्पंजाच्या अंगात आपल्या पेशींना चेतवणारा रेणू मुळात कशाला असेल?

---

प्रयोगवही

@टिंबटिंब, शंका बाळबोध नाही. बऱ्याच जणांचा संशय स्पंजावर नाही, त्याच्यात राहणाऱ्या जीवाणूंवर आहे. स्फिंगोमोनास या जीवाणूंच्या आवरणात अशाच धर्तीची ग्लायकोलिपिडं असतात आणि तीही आयएनकेटीला चेतवतात, हे २००५ मध्ये दिसलं. आपल्या आतड्यातला बॅक्टेरॉइडिस फ्रॅजिलिससुद्धा अल्फा-गॅलसेरसारखे रेणू बनवतो. म्हणजे या पेशींना जीवाणूंचा वास ओळखायची सवय असावी, आणि आपण तो कृत्रिम करून कर्करोगाच्या कामाला लावू पाहतोय.

---

रानभूल

धागा आवडला. मी औषधी रसायनातला. आमच्याकडे उंदीर-माणूस म्हटलं की एकच नाव निघतं: डीएमएक्सएए.

ऑकलंडच्या लोकांनी हा रेणू फ्लेव्होन अ‍ॅसिटिक आम्लावरून विकसित केला. उंदरात गाठींच्या आतला रक्तपुरवठा कोसळायचा, गाठी आतून मरायच्या. त्यामुळे समज असा की हे रक्तवाहिन्या मोडणारं औषध आहे. त्याच समजुतीवर ते फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं. मोठी चाचणी, केमोथेरपीच्या जोडीला. २०१० मध्ये थांबवली, फायदा शून्य.

खरा उलगडा २०१३ चा. डीएमएक्सएए उंदराच्या स्टिंग या प्रथिनाला चिकटतं. मानवी स्टिंगला चिकटतच नाही! मानवी प्रथिनातली एक-दोन अमिनो आम्लं बदलली की तेही दाद देऊ लागतं, इतका बारीक फरक. म्हणजे शेकडो रुग्णांना जे दिलं गेलं, त्याचं लक्ष्य माणसाच्या शरीरात त्याला बसेल अशा आकाराचं नव्हतंच.

स्टिंग काय आहे हे माहीत नसणाऱ्यांसाठी: डीएनएची जागा केंद्रकात. पेशीद्रवात डीएनए सापडला तर काहीतरी बिघडलंय, विषाणू आलाय किंवा केंद्रक फाटलंय. सीगॅस नावाचं एन्झाइम तो डीएनए पकडून सीगॅम्प हा लहान रेणू तयार करतं, सीगॅम्प स्टिंगला चिकटतो आणि इंटरफेरॉनची साखळी सुरू होते. स्टिंग २००८ मध्ये ग्लेन बार्बर यांच्या गटाने दाखवलं. सीगॅस नंतर, जेम्स चेन यांच्या गटाने. चेन यांना त्यासाठी २०२४ चं लास्कर पारितोषिक मिळालं.

आता प्रयोगवहीताईंच्या मुद्द्याबद्दल. 'चेतवणं सोपं' हे मला अर्धंच पटतं. सीगॅम्पच्या धर्तीवर बनवलेले रेणू ऋणभारित असतात, पेशीच्या पडद्यातून सहज जात नाहीत, आणि बाहेर ईएनपीपी१ हे एन्झाइम त्यांचे तुकडे करायला टपलेलं असतं. एडीयू-एस१०० या अशाच एका रेणूमध्ये फॉस्फेटवर ऑक्सिजनच्या जागी गंधक घालून ते टिकाऊ केलं, थेट गाठीत टोचलं, मानवी स्टिंगला नीट चिकटतं याची आधीच खात्री करून घेतली. तरी चाचण्यांत निकाल इतके माफक आले की काम थांबलं. इथे उंदराला दोष देता येत नाही.

---

सावली_७

मला यातलं निम्मं कळलं, पण एक विचारते. माझ्या काकांना मल्टिपल मायलोमा (रक्तपेशींचा एक कर्करोग) आहे, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल चालू आहेत. डॉक्टर म्हणाले की हे 'इम्युनो' प्रकारातलं आहे. हे पण कृत्रिम संयुगच ना? मग ते कसं चाललं?

---

प्रयोगवही

@सावली_७, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. हो, पूर्ण कृत्रिम, लहानसा रेणू, आणि थॅलिडोमाइडच्या घराण्यातला.

थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून आलं. गरोदर स्त्रियांनी घेतलं, हजारो मुलं हातापायांच्या व्यंगासह जन्मली, १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. नव्वदच्या दशकात ते मायलोमावर चालतं असं दिसलं. त्यातून सुधारून आलेलं लेनालिडोमाइड अमेरिकेत २००५-०६ मध्ये मंजूर झालं. हे सगळं झालं तेव्हाही ते कशाला चिकटतं हे माहीत नव्हतं. २०१० मध्ये जपानी गटाने दाखवलं की लक्ष्य आहे सेरेब्लॉन हे प्रथिन. लेनालिडोमाइड चिकटल्यावर सेरेब्लॉन इकारोस आणि आयोलोस या दोन प्रथिनांना पकडून पेशीच्या कचराकुंडीत पाठवतं. मायलोमाच्या पेशी या दोघांवाचून जगू शकत नाहीत. टी पेशीत मात्र इकारोस आयएल-२ ला (टी पेशींना वाढवणाऱ्या प्रथिनाला) दाबून ठेवत असतं. ते गेलं की आयएल-२ वाढतं, टी पेशी आणि पाठोपाठ एनके पेशी तरतरीत होतात. एका बाणात दोन पक्षी.

आणि धाग्याच्या विषयाशी जुळणारी गोष्ट ही: उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं आहे, त्यामुळे साध्या उंदरात लेनालिडोमाइड हे काम करतच नाही. नेमकी डीएमएक्सएएची उलटी बाजू. केवळ उंदरावर विसंबून निवड केली असती, तर आज तुमच्या काकांना चालू असलेलं औषध पहिल्याच चाळणीत बाद झालं असतं.

डोस, त्रास, रक्ताच्या गुठळ्यांची काळजी वगैरे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. इथल्या कुणाच्या प्रतिसादावरून काही बदलू नका.

---

सावली_७

धन्यवाद ताई. काकांना वाचून दाखवते. त्यांना असल्या गोष्टी फार आवडतात.

---

खवचट_खान

म्हणजे उंदरात चाललं तर माणसात चालेलच असं नाही, आणि उंदरात नाही चाललं तर माणसात चालणारच नाही असंही नाही. छान. मग नाणंच उडवा की, उंदीर तरी वाचतील.

शिवाय हे सगळं नवीन म्हणून विकतात याची मला गंमत वाटते. विल्यम कोली नावाच्या न्यूयॉर्कच्या सर्जनने १८९१ मध्येच गाठीत जीवाणू टोचले होते. ना उंदीर, ना रिसेप्टर.

---

रानभूल

@खवचट_खान, कोलींचं नाव काढलंत ते बरं केलंत. त्यांनी आधी जिवंत स्ट्रेप्टोकोकस टोचले, मग मारलेल्या जीवाणूंचं मिश्रण वापरलं. काही रुग्णांच्या गाठी खरंच विरघळल्या. पण दर वेळचं मिश्रण वेगळं, डोस वेगळा, ताप किती चढेल याचा नेम नाही. रेडिएशन आलं आणि ते मागे पडलं.

कृत्रिम संयुगांचा फायदा इथेच आहे. जीवाणूच्या भिंतीत हजार गोष्टी असतात, त्यातली नेमकी कुठली पेशीला चेतवते ते शोधायचं आणि तेवढीच बनवायची. १९७४ मध्ये कळलं की मायकोबॅक्टेरियाच्या भिंतीतला मुरामिल डायपेप्टाइड हा चिमुकला तुकडा पुरेसा आहे. त्याला लिपिडाचं शेपूट जोडून, लायपोसोममध्ये (चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत) भरून तयार झालं मिफामुर्टाइड. मॅक्रोफेज (परक्या गोष्टी गिळणाऱ्या प्रतिकारपेशी) ते गिळतात आणि गाठीच्या पेशींवर उलटतात. हाडाच्या कर्करोगात, म्हणजे ऑस्टिओसार्कोमात, शस्त्रक्रियेनंतर केमोसोबत दिल्यावर सहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७० वरून ७८ टक्क्यांवर गेलं. युरोपने २००९ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेला मात्र तोच पुरावा २००७ मध्ये पुरेसा वाटला नव्हता. त्या आकड्यांवरून अजून वाद घालणारे आहेत, मी स्वतः युरोपच्या बाजूचा.

कोलींचे पहिले रुग्ण सार्कोमाचेच होते, हेही जाता जाता.

---

अंजनी

मी त्वचारोगतज्ज्ञ. इमिक्विमोडचं नाव अजून कसं आलं नाही?

५ टक्क्यांचं मलम. १९९७ मध्ये जननेंद्रियांवरच्या चामखिळींसाठी मान्यता, २००४ मध्ये वरवरच्या बेसल सेल कार्सिनोमासाठी (त्वचेचा एक कर्करोग). ते प्रतिकारपेशींतल्या टीएलआर७ या प्रथिनाला चिकटतं हे २००२ मध्ये कळलं, म्हणजे मलम बाजारात आल्यावर पाच वर्षांनी. टीएलआर७ विषाणूंचा एकेरी आरएनए ओळखतो. इमिक्विमोड त्याला फसवतं आणि तिथल्या डेंड्रिटिक पेशी इंटरफेरॉन सोडायला लागतात. त्वचा लाल होते, खपली धरते. रुग्ण घाबरतात, पण बहुतेक वेळा औषध लागू पडत असल्याचीच ती खूण असते.

आता थोडं पाणी ओतते. २०१४ मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत कमी धोक्याच्या बेसल सेल कार्सिनोमात तीन वर्षांनी इमिक्विमोडचं यश ८४ टक्के होतं, शस्त्रक्रियेचं ९८ टक्के. त्यामुळे कापता येण्याजोगं असेल तर मी कापायचाच सल्ला देते. व्रण नको असेल, किंवा पट्टा मोठा आणि उथळ असेल, तर मलम.

---

टिंबटिंब

मग हेच गोळीच्या रूपात का नाही देत? मलम चाललं तर पोटातून का नाही?

---

अंजनी

@टिंबटिंब, कारण त्वचेवर जी लाली दिसते ती सगळ्या अंगभर झाली तर फ्लूसारखा ताप, थंडी, रक्तदाब उतरणं हे सगळं होऊ शकतं. सगळीकडच्या पेशी एकदम चेतवणं कुणालाच नको असतं.

---

प्रयोगवही

अंजनींच्या मुद्द्याला जोडून. २०२० मध्ये मर्कच्या लोकांनी तोंडावाटे देता येणारं स्टिंगचं संयुग दाखवलं, एमएसए-२. त्याचे दोन रेणू जोडीने आले तरच ते स्टिंगमध्ये बसतात. शिवाय गाठीभोवतालचं वातावरण आम्लधर्मी असतं आणि अशा वातावरणात ते पेशीत जास्त शिरतं, जास्त टिकून राहतं. म्हणजे सगळ्या अंगात फिरूनही जोर गाठीपाशी. कल्पना म्हणून मला ही शंभरपट प्रभावी रेणूपेक्षा जास्त हुशार वाटते. ते निकाल उंदरांतले आहेत, हे वेगळं सांगायला नको.

@रानभूल, एडीयू-एस१०० बद्दल मान्य, तिथे उंदराचा दोष नाही. पण एक शक्यता बघा. टी पेशीत स्टिंग जास्त चेतलं तर ती टी पेशीच मरते. आपण गाठीत भरपूर डोस टोचतो आणि ज्यांना बोलावतोय त्यांनाच दारात मारतो. जास्त म्हणजे चांगलं, हे गृहीतक इथे उलटं पडतं.

---

खवचट_खान

हे त्या 'इम्युनिटी बूस्टर'वाल्यांना कुणीतरी सांगा.

---

रानभूल

@खवचट_खान, त्यांच्यासाठी एक गोष्ट आहे. २००६, लंडन, टीजीएन१४१२. ते कृत्रिम संयुग नव्हतं, प्रतिपिंड होतं, पण काम टी पेशींना थेट चेतवण्याचंच. माकडांना सुरक्षित ठरलेल्या डोसाच्या पाचशेव्या भागाइतकं सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं. काही तासांत सहाही जण अतिदक्षता विभागात, अवयव निकामी होत चाललेले. सगळे वाचले, पण थोडक्यात. नंतर कळलं की माकडांच्या ज्या स्मृती-टी पेशी या औषधाने खवळायला हव्या होत्या, त्यांच्यावर सीडी२८ हे लक्ष्यच नसतं. माणसाच्या असतं.

म्हणजे उंदीर सोडून माकडाकडे गेलं की प्रश्न सुटला, असंही नाही.

सीपीजीचंही असंच. जीवाणूंच्या डीएनएसारखे कृत्रिम तुकडे, टीएलआर९ ला चेतवणारे. उंदरात टीएलआर९ मॅक्रोफेजपासून बऱ्याच डेंड्रिटिक पेशींपर्यंत सगळीकडे. माणसात मुख्यतः प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी आणि बी पेशींत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या). उंदरातले देखणे निकाल फुफ्फुसाच्या कर्करोगात केमोसोबत चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात टिकले नाहीत. मेलानोमात टिल्सोटोलिमॉड या अशाच संयुगाचं २०२१ मध्ये तेच झालं. सीपीजीला जागा मिळाली ती २०१७ मध्ये, हिपॅटायटिस बीच्या लसीत साहाय्यक द्रव्य म्हणून. बी पेशी चेतवायच्या असतील तर ती बरोबर जागा आहे, नाही का?

---

टिंबटिंब

मग यावर उपाय काय? उंदीर सोडून काय वापरायचं?

---

प्रयोगवही

@टिंबटिंब, उंदीर सोडत नाहीत, उंदीर बदलतात. अल्फा-गॅलसेरच्याच कुळातलं एएच१०-७ हे संयुग २०१८ मध्ये आलं, कनेटिकट विद्यापीठ आणि न्यूयॉर्कचं अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज यांच्या कामातून. रेणूच्या साखरेवर एक जादा गट जोडला आणि तो सीडी१डीवर घट्ट धरून राहील अशी योजना केली. त्यांनी ते अशा उंदरांत तपासलं ज्यांचं सीडी१डी जनुकीय बदल करून माणसासारखं केलं होतं. मेलानोमावर परिणाम दिसला. तरी ते पूर्ण माणूस नाहीत. शेजारची प्रथिनं उंदराचीच.

जपानमध्ये चिबा विद्यापीठाने वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढायच्या, त्यांना अल्फा-गॅलसेर पाजायचं आणि परत सोडायच्या. मोकळा रेणू शिरेत सोडला की आयएनकेटी ढिम्म पडतात, ती अडचण यात बरीच टळते.

आणि काही ठिकाणी उंदीर बदलूनही भागत नाही. व्ही-गॅमा-९ व्ही-डेल्टा-२ नावाच्या टी पेशी आहेत, माणसाच्या रक्तातल्या टी पेशींपैकी साधारण १ ते ५ टक्के. फॉस्फेट असलेले अगदी छोटे रेणू त्यांना चेतवतात. हाडांसाठी दिलं जाणारं झोलेड्रोनेट हे तर जुनंच कृत्रिम संयुग. ते पेशीतलं एक एन्झाइम बंद पाडतं, आयपीपी हा फॉस्फेटवाला रेणू साचतो, ब्युटिरोफिलिन३ए१ हे प्रथिन तो आतून पकडतं आणि बाहेर या टी पेशींना खूण मिळते. वर्षानुवर्षं हाडांसाठी वापरलेल्या औषधाचा हा दुसरा गुण. पण उंदरात या पेशी नाहीतच. कमी आहेत असं नव्हे, नाहीतच.

---

खवचट_खान

मग कुठल्या प्राण्यात आहेत?

---

प्रयोगवही

@खवचट_खान, माकडांत आहेत. माकड-मानव कुळाबाहेर पहिल्यांदा चालू स्थितीत सापडल्या त्या अल्पाकामध्ये.

---

खवचट_खान

अल्पाका. बरं. प्रयोगशाळेतले पिंजरे मोठे करायला घ्या मग.